पूर्ण तिकिटाचा माणूस

तालुक्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी प्रवासी सवलतींचा फलक आहे. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला वाचायला तिथे दुसरं फारसं काही नसतं. वर्तमानपत्र पाच मिनिटांत संपतं. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाची चौकशी, म्हणजे गाव कुठलं, आडनाव काय आणि मग अमुकतमुक तुमचे कोण, ही फार तर पंधरा मिनिटं पुरते. त्यानंतर डोळे आपोआप फलकाकडे वळतात. असं होता होता तो फलक माझा पाठ झाला आहे. लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचो, तसा आता मी तो न अडखळता म्हणू शकतो.

पाठ होण्याचं खरं कारण वेगळं आहे. त्या फलकात मी स्वतःला शोधत असतो.

तीसच्या आसपास प्रकारच्या प्रवाशांना एसटी भाड्यात सवलत देते. एवढ्या मोठ्या यादीत आपण कुठेतरी बसू, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. स्वातंत्र्यसैनिक आणि त्यांचा एक साथीदार, इथून सुरुवात करू. माझा जन्म स्वातंत्र्यानंतरचा, आणि मला साथीदार म्हणून बरोबर नेतील असे ओळखीचे स्वातंत्र्यसैनिक आता राहिले नाहीत. अर्जुन पुरस्काराचे मानकरी. शाळेत मी लंगडीत बरा होतो, पण त्याची वार्ता दिल्लीपर्यंत गेली नाही. अधिस्वीकृतीधारक पत्रकार. वाचकांच्या पत्रव्यवहारात माझं नाव अधूनमधून येतं, तेही संपादकांनी अर्धं कापल्यावर. विधिमंडळाचे सदस्य. त्यांच्यासाठी गाडीत आसनही राखून ठेवलेलं असतं आणि वर तसं रंगवलेलं असतं. त्या आसनावर मी खूपदा बसलो आहे. आमदार येऊन उठवतील अशी धास्ती मला किंवा कंडक्टरला कधी वाटलेली नाही.

यादीतली माझी सगळ्यात आवडती नोंद पंढरपूरची आहे. आषाढीला पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा होते, तिथे मुख्यमंत्र्यांच्या शेजारी एक वारकरी दांपत्य उभं असतं. दर्शनाच्या रांगेतून निवडलेलं. त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. विठ्ठलाने काय दिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण सरकारने दिलेली वस्तू अगदी नेमकी आहे. पायी वारी करून आलेल्या माणसाला आता वर्षभर बसून जा म्हणणं, यात सरकारकडून सहसा न दिसणारा मिश्कीलपणा आहे. इथे मला थोडी आशाही आहे, कारण या सवलतीला कर्तृत्व लागत नाही. फक्त योग्य वेळी रांगेत सगळ्यांच्या पुढे असावं लागतं. "तुम्ही रेशनच्या रांगेत कधी पुढं असता का?" असं घरून विचारण्यात आल्यामुळे मी तो विषय वाढवला नाही.

आणखी एक नोंद आहे, तिच्याशी मात्र मी थबकतो. विद्यार्थ्यांना शाळा-कॉलेजच्या पासात मोठी सवलत असते, भाड्याचा एक तृतीयांश भाग तेवढा भरावा लागतो, हे सर्वांना माहीत असतं. पण त्याशिवाय मोठ्या सुट्टीत मूळ गावी जायला, परीक्षेला जायला, आणि आजारी आई-वडिलांना भेटायला जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही अर्ध्या भाड्याची तरतूद आहे. हे कलम कोणी सुचवलं असेल? मंत्रालयातल्या कुठल्यातरी टेबलावर फायलींच्या ढिगामागे एक माणूस बसला असणार, ज्याला वसतिगृहात असताना घरून निरोप आला होता आणि खिशात परतीपुरते पैसे नव्हते. त्याचं नाव शासन निर्णयात येत नाही. खाली सही असते ती कार्यासन अधिकाऱ्याची.

असो. तर एवढी यादी खालवर चाळून माझ्या हाती काही लागत नाही. माझं वय एकसष्ट. रेल्वे पूर्वी साठीच्या पुरुषाला भाड्यात सूट द्यायची, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. तेव्हा मी साठीच्या अलीकडे होतो. एसटीची ज्येष्ठांची अर्ध्या तिकिटाची सवलत पासष्टीला सुरू होते, आणि तिथे मी अजून पोचलेलो नाही. मी धडधाकट आहे, पुरस्कारविहीन आहे आणि पुरुष आहे. एसटीच्या भाषेत याला पूर्ण तिकीट म्हणतात.

याची खरी जाणीव कुटुंबासह प्रवास करताना होते. मागच्या वैशाखात भाचीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे निघालो. आई, बायको, सहावीतली नात, चार वर्षांचा नातू आणि मी. कंडक्टर तरुण होता, मशीन हातात घेऊन आला. आईने तो विचारायच्या आत कमरेची पिशवी सोडली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "घे. एकोणऐंशी. लिवलंय त्यात." ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, त्याचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक. या योजनेने आमच्या भागात एक मोठी सामाजिक उलथापालथ केली आहे. ज्या बायकांनी जनगणनेच्या गुरुजींनाही धड वय सांगितलं नव्हतं, त्या आता भर गाडीत, खिडकीपासून ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वय सांगतात. चौऱ्याहत्तरची शेजारीण पंचाहत्तरच्या शेजारणीकडे ज्या नजरेने बघते, ती नजर पूर्वी फक्त पाटल्यांसाठी राखीव होती.

कंडक्टरने आईला शून्य रुपयांचं तिकीट दिलं. फुकट असलं तरी तिकीट निघतंच, कारण त्या शून्याचे पैसे पुढे सरकारकडून महामंडळाला यायचे असतात आणि मोजायला कागद लागतो. आई तो कागद घडी घालून ठेवते. घरी साखरेच्या जुन्या डब्यात तिची अशी शून्याची तिकिटं साठली आहेत. "उद्या कुणी इचारलं, तर दाखवाया नगं?" हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. या देशात कोण कधी काय विचारील याचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी जास्त आहे.

बायकोचं अर्धं तिकीट निघालं. महिलांना सरसकट अर्धं भाडं 17 मार्च 2023 पासून सुरू झालं, आणि त्याआधी आमच्या घरी "तुम्हीच जाऊन या" हे वाक्य फार ऐकू यायचं. बँकेत, बाजाराला, चष्म्याचा नंबर बदलायला, कुणाच्या दहाव्याला, सगळीकडे मीच. आता हिशेब पालटला. बायको गेली तर निम्म्यात काम होतं, म्हणून बँक तिच्याकडे गेली. बँकेबरोबर पासबुक गेलं, आणि पासबुकाबरोबर आणखी काय काय गेलं ते मी इथे लिहीत नाही. तिचं माहेर एसटीने सात टप्प्यांवर आहे, टप्पा सहा किलोमीटरचा. अर्ध्या तिकिटाने ते माहेर साडेतीन टप्प्यांवर आलं, असं ती म्हणते. जाण्याचं प्रमाण पाहता मला ते गणित बरोबर वाटतं. सोमवारी सकाळच्या गाडीत बघावं तर सगळी बायकांची गाडी असते. कुणी बचत गटाच्या कामाला, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतीच बहिणीकडे. नुसतंच बहिणीकडे जाणं ही गोष्ट माझ्या आईच्या तरुणपणी अस्तित्वातच नव्हती. बारसं, बाळंतपण, मयत यांतलं काहीतरी कारण लागायचं.

नातीचं अर्धं तिकीट निघालं. एरवी ती शाळेला पासावर जाते, पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मोफत पासाची योजना आहे. पण तो पास घर ते शाळा एवढाच, साखरपुड्याला चालत नाही. हे नातीनेच कंडक्टरला सांगितलं आणि मग पाच ते बाराचं हाफ तिकीट मागून घेतलं. या मुलींना नियम आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. नातू पाचच्या आतला, त्याला काहीच नाही.

मग कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. त्याने माझे केस पाहिले, कपाळ पाहिलं, आणि मोठ्या आशेने विचारलं, "काका, ज्येष्ठ?"

"नाही. पूर्ण."

गाडीतल्या सात-आठ माना वळल्या. पाच जणांच्या कुटुंबात एकटा मी पूर्ण निघालो होतो. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी माझ्याकडे ज्या मायेने पाहिलं, ती आजवर मला फक्त नापास झाल्यावर मिळाली होती.

आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसांपैकी कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो. याला ग्रहताऱ्यांचं कारण नाही. शाळेत नाव घालायला बाप पोराचा हात धरून न्यायचा. गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप सांगायचा, "बेंदराच्या आसपास, लई पाऊस झाल्ता त्या साली." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे, आणि कान सापडला की 1 जून लिहून मोकळे व्हायचे. मीही त्यातलाच. माझा हात लांब असल्यामुळे कान जरा लवकर सापडला, आणि कागदावर मी वर्षभराने मोठा झालो. त्यामुळे नोकरी वर्षभर आधी संपली. आता पासष्टीही वर्षभर आधी येईल. गुरुजींनी माझ्याकडून जे घेतलं ते एसटी हप्त्याहप्त्याने परत करील, असा माझा हिशेब आहे.

गंमत अशी, की एसटीचा वाढदिवसही 1 जूनच, आणि तिचा मात्र खरा आहे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून पहिली गाडी अहमदनगरला गेली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. किसन राऊत चालक होते आणि लक्ष्मण केवटे वाहक. त्या काळी खाजगी मोटारवाल्यांचं राज्य होतं. गाडी भरली की निघायची आणि मालकाला वाटेल तिथे थांबायची. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात, अर्धी रिकामी असली तरी सुटणारी गाडी ही तेव्हा मोठी नवलाची गोष्ट असणार. महामंडळाचं नाव आधी मुंबई राज्याचं होतं, 1961 पासून महाराष्ट्राचं झालं. 2022 च्या 1 जूनला विजेवर चालणारी पहिली शिवाईही मुद्दाम त्याच पुणे–नगर रस्त्याने सोडली. आणि 2023 च्या 1 जूनला एसटीला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा ती स्वतःच अमृत ज्येष्ठ नागरिक होऊन बसली. कुठल्याही गाडीत फुकट बसायचा तिला आता नियमानेच अधिकार आहे.

ज्या जिल्ह्यात ती पहिली गाडी गेली, त्याच जिल्ह्यातल्या चोंडीला अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांची जयंती 31 मेला, एसटीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. देशभर वाटसरूंसाठी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या बाईचं नाव शाळकरी मुलींच्या प्रवासाला दिलं, हे ज्याने केलं त्याने इतिहास नीट वाचला होता. योजनांना नावं देताना हा योग फार वेळा येत नाही.

वाढदिवसाला एसटी भेटी वाटते. 2025 च्या वाढदिवसाची भेट ऐकून मी खुर्चीतून उठलोच. पूर्ण तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला पंधरा टक्के सूट! इतर सवलतधारकांना ही लागू नाही, फक्त पूर्ण तिकिटाला. सत्याहत्तर वर्षं झाली, तेव्हा कुठे माझी दखल घेतली गेली. बायकोने बातमी पुढे वाचली. दीडशे किलोमीटरपेक्षा लांबचा प्रवास हवा, आगाऊ आरक्षण हवं, आणि दिवाळी किंवा उन्हाळी सुट्टीची गर्दी नको. माझा प्रवास बावीस किलोमीटरचा, आणि आमच्या गाडीत आरक्षण म्हणजे खिडकीतून आत टाकलेला रुमाल. मी पुन्हा बसलो.

फलकावर जे लिहिलेलं नसतं, ते मात्र मी पूर्ण तिकिटाचा असूनही आयुष्यभर भरपूर वापरलं आहे. तालुक्याला खोली घेऊन शिकत होतो, तेव्हा आईचा डबा सकाळच्या गाडीने यायचा. कापडात बांधलेला, गाठीवर नाव लिहिलेली चिठ्ठी. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर अशा डब्यांची रांग असायची, त्यामुळे भाकरी थंडीतही गरम मिळायची, आणि उन्हाळ्यात आमटी जरा जास्तच. आम्ही पोरं स्टँडवर उभे असायचो. ड्रायव्हर एकेक गाठ वाचून नाव पुकारायचा आणि बरोबर "आज कारली हायत" अशी सूचनाही द्यायचा. डबा उघडला नव्हता, वासावरून ओळखायचा. मराठवाड्यात, सोलापूरकडे कितीतरी डॉक्टर आणि इंजिनिअर या डब्यांवर झाले आहेत. याचं तिकीट नव्हतं, पावती नव्हती. डबा हरवला असं झाल्याचं मला आठवत नाही. एकदा बदलला होता, आणि दुसऱ्याच्या आईची शेंगदाण्याची चटणी इतकी चांगली निघाली की तक्रार करायला कुणी पुढे आलं नाही.

गाडीने वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, टपालाची थैली यायची, जळलेली मोटार रिवाइंडिंगला जायची, गुरांचं औषध यायचं. निरोप तर किती. "मधल्या वस्तीवर सांगा, पाहुणे उद्या येत न्हाईत." कंडक्टर डबल बेल मारायच्या आधी खिडकीतून हाक घालून सांगायचा. मुक्कामाची गाडी हा तर गावाचा अर्धा संसार होता. संध्याकाळी शेवटची गाडी येऊन चावडीसमोर उभी राहिली की दिवस संपला असं गाव धरून चालायचं. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे. कुणाकडे जेवण असलं तर त्यांना बोलावणं जायचं. रात्री कुणाचं पोट दुखलं, कुणी अडलं, तर गाव आधी गाडीकडे बघायचं. आणि पहाटे गाडी सुरू व्हायची ती अख्ख्या गावाला उठवत. त्या काळी घराघरात गजर नव्हता, गरजही नव्हती.

लग्नालाही तीच. वऱ्हाडाची गाडी म्हणजे एसटी, पुढच्या पाटीवर "प्रासंगिक करार". लहानपणी मला वाटायचं, करार म्हणजे नवरा-नवरीचाच. प्रासंगिक का लिहिलंय ते कळत नव्हतं. मोठेपणी काही लग्नं पाहिल्यावर पाटी लिहिणाऱ्याच्या दूरदृष्टीबद्दल आदर वाढला. शाळेच्या सहलीला अजूनही हीच गाडी मिळते, तीही निम्म्या भाड्यात. आषाढीला गावातून चाळीसएक माणसं जमली, तर गाडी गावातूनच थेट पंढरपूरला सोडतात. गणपतीत मुंबईहून कोकणात जायला अख्खी वाडी मिळून गाडी ठरवते. आणि कोरोनाच्या टाळेबंदीत, 2020 च्या एप्रिलमध्ये, राजस्थानातल्या कोट्याला अडकलेल्या पोरांना आणायला धुळ्याहून एसटीच गेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात माणसं कमी म्हणून तिने माल वाहायला सुरुवात केली. बाकं काढून पोती भरली. आमच्या आईला हे आवडलं नव्हतं. "तिला हमाल केली," म्हणाली.

नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 असा कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला. त्यांच्या पगाराचा प्रश्न खरा होता, त्यावर मी स्टँडच्या बाकावरून निकाल देणार नाही. पण त्या महिन्यांत आमच्या गावात एक गोष्ट दिसली. मोटारसायकली असलेल्यांचं काही अडलं नाही. मुलगे मित्राच्या मागे बसून, तिघं-तिघं, शाळेला गेले. मुली घरी राहिल्या. वडाप चालू होतं, पण जीपमध्ये पंधरा जणांत पोरीला कोण पाठवणार? नातीच्या मैत्रिणीची थोरली बहीण अकरावीला होती. संप मिटला तेव्हा तिची सोयरीक झाली होती. सवलती मोजताना आपण रुपये मोजतो. त्या पोरीचा पास मोफतच होता.

म्हणून मला मानव विकास योजनेतल्या निळ्या गाड्या आवडतात. राज्यातल्या मागास ठरवलेल्या 125 तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी त्या दिलेल्या आहेत. नेहमीच्या लाल रंगातून वेगळ्या दिसाव्यात म्हणून निळ्या. शाळा भरायच्या वेळेला जायचं आणि सुटायच्या वेळेला आणायचं एवढंच त्यांचं मुख्य काम. गडचिरोलीकडे तर गाडी येणं हीच बातमी असते. 1 जानेवारी 2025 ला अहेरी ते गर्देवाडा अशी गाडी सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री स्वतः तिच्यातून गेले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी आलेली ती पहिली एसटी होती. तिथल्या माणसांना फलकावरची यादी किती लांब आहे याचं काही पडलेलं नसणार. आधी गाडी येऊ दे, तिकिटाचं मग बघू.

आमच्याकडे गाडी येते, पण ती चुकीच्या वेळेला येते असं गावाचं मत आहे. सकाळी साडेआठला. ती पावणेसातला व्हावी, म्हणून यंदा ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरलं. एवढा एकमुखी विषय म्हणून सरपंचांनी तो शेवटी, चहाच्या आधी ठेवला होता. चहा रात्री साडेनवाला झाला. पावणेसात ही कॉलेजच्या मुलींची वेळ. दूधवाल्यांना सहा हवं होतं. कोर्टाच्या तारखांवाले म्हणाले, साडेनऊ करा, वकील अकराच्या आत कुठं येतोय. अंगणवाडीच्या बाईंना आठ. माझ्या आईने उभं राहून सांगितलं, की तिला कुठलीही चालेल, पण देवळापुढं थांबली पायजे, फाट्यापर्यंत चालवत न्हाई. शेवटी अर्ज मुलींनीच लिहिला, शुद्धलेखन त्यांचं बरं म्हणून. आणि त्यात वेळ पावणेसातच राहिली, ती कशी राहिली हे कुणी विचारलं नाही.

आगारातल्या साहेबांनी अर्ज वाचला, माणूस सभ्य होता. पण त्यांनी भारमानाचा मुद्दा काढला. भारमान म्हणजे गाडीच्या आसनांच्या मानाने ती किती भरते त्याचं प्रमाण. ते पडलं की फेरी बंद होते. सगळ्या राज्यात हेच. "प्रायोगिक तत्त्वावर महिनाभर सोडतो," साहेब म्हणाले, "भारमान दाखवा." गावाने त्याचा सरळ अर्थ असा लावला, की महिनाभर गाडी भरून दाखवायची आहे. सरपंचांनी पाळ्या लावल्या. पाण्याच्या पाळ्या असतात त्या वहीत, मागच्या बाजूने. आणि यादी करताना कुणाच्या तरी लक्षात आलं, की गावात पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्या आहेत, बाया आहेत, पोरीसोरी आहेत, पासष्टीचे आहेत. पण गाडीत बसून रोख पूर्ण पैसे देणारा माणूस शोधायचा तर तरणी पोरं मोटारसायकलवर जातात. उरतो कोण?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून पाहिलं, की सवलतीचे पैसेही सरकारकडून महामंडळाला मिळतात, शून्याच्या तिकिटाचंही डोकं मोजलंच जातं. कुणी ऐकलं नाही. "न्हाई, पूर्ण तिकिटाला वजन जास्ती आसतंय," सरपंच म्हणाले. आयुष्यात प्रथमच माझ्या पूर्ण असण्याचा कुणाला उपयोग होत होता, म्हणून मी फार ताणून धरलं नाही. मला मंगळवार आणि शुक्रवार दिले.

तालुक्याला माझं काही काम नसतं. बँक बायकोकडे गेली, हे मी सांगितलंच. मी पावणेसातच्या गाडीने जातो. मागच्या बाकांवर कॉलेजच्या पोरी जर्नलं पूर्ण करत असतात, गचका बसला की त्यांच्या आकृत्यांना शेपटी फुटते. स्टँडवर उतरून मी एक चहा घेतो, कटिंग, आणि सव्वाआठच्या गाडीने परत येतो. जाऊन-येऊन दोन पूर्ण तिकिटं. परवा कंडक्टरने हळूच विचारलं, "काका, रोजचं असंल तर मासिक पास काढा की. वीस दिवसांच्या पैशात तीस दिवस जाता येतं."

मी त्याला म्हटलं, ते सरपंचांना विचारून सांगतो.